गेस्केबाईंचा दोरा

हाब्बो ताम्मेना मंगळवारी सकाळी मेंढ्यांच्या फाटकाशी वाकला तो पुन्हा सरळ झालाच नाही. एका हाताने फाटकाची कडी धरलेली, दुसरा हात पोटावर, उजवीकडे खाली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून गेस्केबाईंनी हे पाहिलं आणि त्यांच्या मनात पहिला आला तो नवरा नव्हे, सून आली. सून आणि तिचा तो रस.

आदल्या संध्याकाळी या सुनेने, अल्मुटने, म्हाताऱ्यापुढे पेलाभर काळाजांभळा रस ठेवला होता. कुंपणावर एल्डरची झुडपं आहेत, त्यांच्या फळांचा. ही फळं कच्ची पोटात गेली की माणूस ओकून ओकून अर्धा होतो, हे समुद्राच्या बांधाअलीकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत. आणि गेस्केबाईंच्या शेगडीवर त्या आठवड्यात रसाचं पातेलं चढलं नव्हतं. मग उकळला कुठे?

"बालवाडीच्या स्वयंपाकघरात उकळला," अल्मुट म्हणाली. ती गावच्या बालवाडीत कामाला होती. रुग्णवाहिका यायची होती, हाब्बो बाकावर गुडघे पोटाशी घेऊन पडला होता आणि सासूची चौकशी सुरू झाली होती. "तुमची शेगडी मला मिळते कुठे, आई?"

"कोणी पाहिलं?"

"बावीस मुलांनी."

"मुलांना काय, खाऊ दिला की काहीही सांगतील."

"मीही तेवढाच प्याले. मला काही झालं का?"

"तुझं पोट वेगळं. तू डोंगराकडची."

आइलर्ट, म्हणजे गेस्केबाईंचा मुलगा, दोघींच्या मध्ये उभा होता. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती आणि तो अजून दोघींच्या मध्येच उभा होता. "आई, आत्ता नको," एवढंच तो म्हणाला.

आत्ता नको तर कधी? नोव्हेंबरात वकिलाकडे जाऊन शेतघर आइलर्टच्या नावावर करायचं ठरलं होतं. अल्मुटने वरच्या मजल्याचं माप आत्तापासून घेऊन ठेवलं होतं. पाहुण्यांना भाड्याने द्यायच्या खोल्या काढणार म्हणे. माप घेणारी बाई आणखी काय काय घेईल याचा नेम नाही, असं गेस्केबाईंचं मत होतं. त्यांनी रसाची उरलेली बाटली पुसण्याच्या फडक्यात गुंडाळली, पिशवीत घातली आणि रुग्णवाहिकेत नवऱ्याशेजारी चढून बसल्या.

जिल्ह्याच्या रुग्णालयात पहिल्यांदा भेटला तो एक कोवळा डॉक्टर. त्याने हाब्बोच्या पोटात उजवीकडे बोटं रुतवली, मग एकदम सोडली. हाब्बो कण्हला.

"अपेंडिक्स," डॉक्टर खुशीत म्हणाला.

"ते सदुसष्ट साली काढलं," हाब्बो दातओठ खाऊन म्हणाला. "लष्करात होतो तेव्हा. खूण दिसत नाही का तुला?"

खूण होती, पांढरी, वीतभर. कोवळ्या डॉक्टरची खुशी गेली आणि तो आपल्या वरिष्ठांना बोलवायला धावला. आल्या त्या डॉक्टर राडेमाखर, पोटाच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या. ठेंगणी बाई, केस बारीक कापलेले, हातात अंगठी नाही. गेस्केबाईंनी तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहून घेतलं, मग बाटली काढून तिच्यापुढे ठेवली.

"हे तपासा. सुनेने पाजलंय."

डॉक्टरीण बाटलीकडे बघत राहिली. "कधी?"

"काल संध्याकाळी. कच्च्या एल्डरचा."

"उकळलेला," अल्मुट भिंतीशी उभी होती तिथून म्हणाली.

"तिचं म्हणणं उकळलेला," गेस्केबाई म्हणाल्या.

डॉक्टरणीने बाटली कोवळ्या डॉक्टरच्या हातात दिली, विषबाधेच्या केंद्राला फोन करायला सांगितलं आणि खुर्ची ओढून बसली. मग तिने जे विचारायला सुरुवात केली ते ऐकून गेस्केबाईंना वाटलं, ही डॉक्टरीण की घराची झडती घ्यायला आलेली पोलिसीण? घरात शिशाच्या मुलाम्याची जुनी मातीची भांडी आहेत का? घराण्यात कुणाचं पोट असंच अधूनमधून धरायचं का? लघवी उजेडात राहिली की तांबडी होते का? मेंढ्यांना कसलं औषध पाजलं? छातीत धडधडतं का?

"दुखतंय त्याच्या पोटात आणि तुम्ही छातीचं काय विचारता?"

"पोट फार खोटं बोलतं, ताम्मेनाबाई. हृदय बंद पडायला आलं तरी माणूस पोट धरतो. अंगात शिसं भिनलं तरी पोटच धरतो. एखादा परदेशी कोळी चावला तरी पोट फळीसारखं होतं, आणि आपण आत जाऊन बघावं तर आत काहीच नाही. म्हणून मी आधी सगळं विचारते, मग सुरी उचलते."

धडधडत होतं. हाब्बोच्या हृदयाचे ठोके दोन वर्षांपासून वेडेवाकडे पडायचे आणि रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू होत्या. डॉक्टरणीच्या कपाळाला आठी पडली. असं रक्त असलेल्या म्हाताऱ्याला कापायचं म्हणजे जिवाशी खेळ. विषबाधा असेल तर कापायची गरजच नव्हती. तिने सलाईन लावलं आणि वाट बघायचं ठरवलं.

अशी बाटलीपायी एक अख्खी दुपार गेली आणि एक रात्र गेली. गेस्केबाईंनी घरी येऊन तळघरातल्या रसाच्या सात बाटल्या मोरीत ओतल्या. अल्मुट दारात उभी राहून बघत होती. तिने अडवलं नाही. "धुवून ठेवा, बालवाडीच्या आहेत," एवढंच म्हणाली, आणि ते गेस्केबाईंना शिवीपेक्षा झोंबलं.

बुधवारी सकाळी ताप वाढला होता. हाब्बोचं पोट टणक लागत होतं आणि त्याला कुणी पलंगाला धक्का दिलेलाही चालत नव्हता. बाटलीत काही निघालं नव्हतं. चांगला उकळलेला, गोड, निर्दोष रस. गेस्केबाईंनी ते ऐकून घेतलं. "ही बाटली चांगली असेल," त्या आइलर्टला म्हणाल्या, "पेल्यात काय होतं कोणी बघितलंय?"

आइलर्टने मान फिरवून बायकोकडे पाहिलं. क्षणभरच पाहिलं. पण त्या पाहण्यात एक प्रश्न होता, आणि अल्मुटने तो वाचला. ती उठून दोन खुर्च्या पलीकडे जाऊन बसली.

दहा वाजता सीटी यंत्रात पोटाचे आडवे फोटो काढले. डॉक्टर राडेमाखर ते बघून आली तेव्हा तिचा आवाज खाली गेला होता. लहान आतड्याचा शेवटचा भाग सुजला होता. आतड्याबाहेर, जिथे नसावेत तिथे, हवेचे दोन-तीन बुडबुडे दिसत होते. कुठेतरी बारीकसं भोक पडलं होतं. कशाने, ते दिसत नव्हतं.

"मला कारण दिसलं असतं तर अर्ध्या तासात आत घेतलं असतं," ती म्हणाली. "असं बारीक भोक कधी कधी नुसत्या औषधांनी बुजतं. यांचं हृदय आणि रक्त बघता मी आणखी दोन दिवस थांबले असते. पण आत काही टोचणारं असेल तर थांबणं म्हणजे त्यांना मारणं. तेव्हा नीट आठवा. यांनी काही गिळलंय का? माशाचा काटा, कोंबडीचं हाड?"

"काटा काय गिळतोय तो," गेस्केबाई म्हणाल्या. "सत्तर वर्षं हेरिंग खातोय."

डॉक्टरणीची नजर पलंगाजवळच्या पेल्याकडे गेली. त्यात हाब्बोची वरची कवळी बुडवून ठेवली होती. "ही कधीपासून?"

"जानेवारीपासून."

"बघा, हेच. कवळीने टाळू झाकली की तोंडाला काही कळत नाही. माणूस खिळा गिळेल आणि वर बटाटा घेईल. दहांतल्या नऊ जणांना गिळल्याचं आठवतसुद्धा नाही. आणि लाकूड असलं तर फोटोत दिसत नाही." ती थांबली. "लाकडाची काडी? दात कोरायची? तुमच्याकडे रविवारी रूलाडे, मांसाच्या गुंडाळ्या, होतात ना? त्यांना काड्या टोचतात."

गेस्केबाईंच्या पाठीचा कणा ताठ झाला. "माझ्या घरात दोरा असतो."

"आईंकडे दोराच असतो, डॉक्टर," अल्मुट म्हणाली. तिच्या आवाजात कुचकेपणा नव्हता, नुसती खात्री होती. "काडी त्यांनी कधी घरात येऊ दिली नाही. ते मी शपथेवर सांगते."

सांगेलच ती. तिच्याइतकं कोणाला माहीत असणार? एकोणीस वर्षांपूर्वी नवी नवरी म्हणून तिने पहिल्यांदा या घरात रविवारचं जेवण रांधलं होतं. मांसाच्या पातळ कापांवर मोहरी, कांदा, लोणच्याची काकडी, सगळं नीट गुंडाळलेलं, आणि प्रत्येक गुंडाळीला दोन काड्या टोचलेल्या. गेस्केबाईंनी भर टेबलावर, नणंदा-दिरांसमोर, एक गुंडाळी काट्यावर उचलून धरली होती. "हे काय, साळिंदर शिजवलंस का?" असं विचारलं होतं. गावच्या बायकांच्या मंडळात त्यांनी ती गोष्ट इतक्यांदा सांगितली की पोस्टमनही अल्मुटला काही वर्षं साळिंदर म्हणायचा. ताम्मेनांच्या घरात पांढरा सुती दोरा. चार वेढे, एक गाठ. टेबलावर घरधन्याने कात्रीने दोरा कापायचा, ताटाच्या कडेला ठेवायचा, मग सगळ्यांनी जेवायला सुरुवात करायची. तीन पिढ्यांची रीत.

आणि गेल्या हिवाळ्यापासून गेस्केबाईंच्या बोटांना गाठ मारता येत नव्हती.

सांधे सुजले होते. वेढे घालता यायचे, पण गाठ आवळताना अंगठा दगा द्यायचा आणि तव्यात गुंडाळ्या उलगडून काकड्या बाहेर यायच्या. सुनेला हाक मारून "जरा गाठ मार गं" म्हणायचं? त्यापेक्षा त्यांनी बोटं छाटून घेतली असती. त्यांनी काय केलं, तर बसने पलीकडच्या शहरात गेल्या, जिथे कोणी ओळखत नाही तिथून काड्यांचं एक खोकं आणलं आणि ते बटणांच्या डब्यात तळाशी लपवलं. रविवारी स्वयंपाकघराचं दार लावून काड्या टोचायच्या, शिजल्या की उपसून बशीत मोजायच्या, आणि मग वाढण्याआधी प्रत्येक गुंडाळीवर दोऱ्याचे चार सैल वेढे नुसते टाकायचे, टोक खाली दुमडून. हाब्बो आपला कात्रीने तो कशालाच न बांधणारा दोरा कापायचा आणि म्हणायचा, "याला म्हणतात जेवण."

मागच्या रविवारच्या आधीचा रविवार. आठ गुंडाळ्या, सोळा काड्या. बशीत पंधरा निघाल्या.

त्यांनी तव्यात शोधली, रश्श्यात डाव फिरवून बघितलं, फरशीवर बघितलं. बाहेर टेबलाशी आइलर्ट काटा वाजवत होता. मोजताना चुकलो असू, जळून गेली असेल, असं म्हणून त्यांनी दोरे टाकले आणि वाढलं. जेवताना त्या प्रत्येकाच्या ताटाकडे बघत होत्या. कुणाच्या ताटात काही उरलं नाही. जेवण चांगलं झालं की असंच होतं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं, आणि त्यानंतर नऊ दिवस त्या काडीचा विचार डोक्यात आला की त्या दुसरं काहीतरी धुवायला घ्यायच्या.

मग मंगळवारी तो फाटकाशी वाकला. आणि अल्मुटचा रस किती वेळेवर हाताशी आला.

"ताम्मेनाबाई?" डॉक्टरीण वाट बघत होती.

"सांगितलं ना, दोरा," गेस्केबाई म्हणाल्या.

"बरं. मग औषधांवर थांबू." ती गेली.

गेस्केबाई नवऱ्याजवळ बसल्या. हाब्बोचे डोळे मिटलेले होते, पण तो झोपला नव्हता. दर श्वासाला त्याच्या नाकपुड्या फुलत होत्या. कवळी नसल्याने गाल आत गेले होते आणि तो आपल्या बापासारखा दिसत होता. शेवटच्या आठवड्यातल्या बापासारखा.

"गेस्के," तो डोळे न उघडता म्हणाला. "मेंढ्यांना बघितलं का कुणी?"

"आइलर्टने बघितलं."

"आतून कुणीतरी शिवतंय असं वाटतं," तो म्हणाला. "आत-बाहेर. आत-बाहेर."

त्या उठल्या. खोलीबाहेर लांब व्हरांडा होता. अल्मुट आणि आइलर्ट एकमेकांकडे न बघता बसले होते. त्यांच्यासमोरून गेस्केबाई चालत गेल्या. डॉक्टर राडेमाखर कॉफीच्या यंत्राशी उभी होती, पेला नुकताच भरला होता.

"काडी आहे," गेस्केबाई म्हणाल्या.

"काय?"

"सोळा टोचल्या होत्या. पंधरा निघाल्या. दहा दिवस झाले."

डॉक्टरणीने पेला यंत्रावर ठेवला. "तुम्ही म्हणालात दोरा."

"दोरा वरून टाकते. दिसायला."

"नक्की पंधरा?"

"मला लिहिता-वाचता बेताचं येतं, पण सोळापर्यंत मोजता येतं."

डॉक्टरीण जवळजवळ पळतच गेली आणि जाता जाता कुणाला तरी रक्ताच्या पिशव्या आणि भूल देणाऱ्याचं नाव ओरडून सांगितलं. गेस्केबाई वळल्या. अल्मुट त्यांच्या मागे चार पावलांवर उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

हाब्बोला पाच मिनिटांत नेलं. व्हरांड्यात तिघंच उरली.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?" अल्मुटने विचारलं.

"काय?"

"पंधराच निघाल्या, हे. काल कळलं? आज आठवलं? का बाटली फडक्यात गुंडाळताना माहीत होतं?"

आइलर्ट म्हणाला, "अल्मुट."

"तू गप्प बस. तू सकाळी माझ्याकडे कसं बघितलंस ते मी पाहिलंय. मी आईंना विचारतेय."

खोटं बोलायला जागा होती. आत्ता आठवलं म्हटलं असतं तर कोण नाही म्हणणार होतं? म्हातारी बाई, छप्पन्न गोष्टी डोक्यात. गेस्केबाईंनी सुनेकडे पाहिलं. हिच्या चेहऱ्यावर जो भाव होता तो त्यांनी चांगला ओळखला, कारण एकोणीस वर्षं त्या स्वतः तोच भाव घेऊन हिच्याकडे बघत आल्या होत्या. शब्द ऐकायचे, आणि त्यामागे काय दडवलंय ते शोधायचं.

"त्याच रविवारी माहीत होतं," त्या म्हणाल्या. "वाढायच्या आधी."

"आणि बाटली?"

"वाटलं, रसच असावा. रसच असता तर बरं झालं असतं."

"कोणासाठी बरं?"

अल्मुट पुढे म्हणाली, "बाबा वाचले नाहीत तर ते मी पाजल्यामुळे गेले असंच मंडळात सांगणार होतात ना?" आणि हेसुद्धा ती रागाने म्हणाली नाही. हिशेब जुळतोय का एवढंच बघत असल्यासारखं म्हणाली.

दोन तासांनी डॉक्टर राडेमाखर आली. काडी सापडली होती. लहान आतड्याच्या शेवटी आडवी अडकून एक टोक बाहेर आलं होतं, आणि ते पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीला टेकलं होतं. भोक शिवलं. रक्त बरंच गेलं, पण हृदयाने साथ दिली. "उद्यापर्यंत थांबलो असतो तर त्या नळीतून एका मिनिटात सगळं संपलं असतं," ती म्हणाली. मग गेस्केबाईंकडे वळून, "काल सांगितलं असतं तर पोटात पू झाला नसता." याहून जास्त ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं, असं गेस्केबाईंना वाटलं. भांडायला तरी सापडली असती.

त्या दिवसापासून घरात एक नवीनच शांतता आली. आइलर्ट मेंढ्यांचं सगळं करायचा आणि आत आला की बायकोशी बोलायचं निमित्त शोधायचा. अल्मुट त्याला एका शब्दात उत्तर द्यायची. गेस्केबाईंनी दुसऱ्या दिवशी वाटाण्याचं सूप केलं आणि टेबलावर ठेवलं. अल्मुटने आपला पाव आणि चीज घेतलं. "मला भूक नाही, आई." तिसऱ्या दिवशीही तिला भूक नव्हती. रसाच्या सात बाटल्या गेस्केबाईंनी धुवून, पुसून, झाकणं लावून ओट्यावर मांडल्या होत्या. अल्मुटने त्या उचलल्या, प्रत्येक बाटली उजेडाकडे धरून आतून बघितली, आणि नेल्या.

पाचव्या दिवशी हाब्बोला चहा द्यायची परवानगी मिळाली. रुग्णालयाच्या चहाला तो काय म्हणेल ते गेस्केबाईंना पाठ होतं, म्हणून त्यांनी घरून थर्मास नेला, पातळ चिनीमातीचा कप नेला, खडीसाखर नेली, साय नेली. पेशंटच्या टेबलावर सगळं मांडलं. खडा आधी, मग चहा, खडा तडकला की कडेने सोडलेली साय. सायीचा ढग हळूहळू वर आला.

हाब्बो उशीला टेकून बसला होता. पाच दिवसांत त्याचा गळा बारीक झाला होता. आइलर्टने त्याला सगळं सांगितलं होतं, हे त्या आत आल्याबरोबर कळलं होतं, कारण त्याने मोइन म्हणून रामराम झाल्यावर मेंढ्यांची चौकशी केली, हवेची केली, पण त्यांच्याकडे बघितलं नाही.

"घे," गेस्केबाई म्हणाल्या. "निवेल."

हाब्बोने कप पुढे ओढला. बशीतला चमचा उचलला. या भागात चहा कोणी ढवळत नाही. आधी साय, मग कडू, मग तळाची साखर, असंच प्यायचं. चमचा ठेवतात तो पिऊन झाल्यावर रिकाम्या कपात घालून पुरे म्हणायला. ढवळणाऱ्या पाहुण्याला हाब्बोने एकदा तोंडावर विचारलं होतं की घरी डबक्यातलं पाणी पिता का.

त्याने चमचा कपात घातला. सायीचा ढग मोडला. त्याने चमचा तळापर्यंत नेला, तळावरून कडेकडेने सावकाश फिरवला, खडा बाजूला सारला, आणि खाली काही लागतंय का ते बघत राहिला. वर आणला, चमच्यात काय आलंय ते पाहिलं, आणि पुन्हा घातला.

गेस्केबाई बघत होत्या. पंचावन्न वर्षं हा माणूस त्यांनी पुढे ठेवलेलं न बघता तोंडात घालत आला होता.

"वाईट वाटून घेऊ नकोस," हाब्बो कपाकडे बघतच म्हणाला.

"नाही," त्या म्हणाल्या. "नीट बघ. कडेलाही बघ."

त्याने कडेलाही बघितलं. मग प्याला.